हिरड्यांतून रक्त येतंय, आणि घरचे म्हणतात ‘दात साफ करून घेऊ नका, हलायला लागतील’

केतकीवन | १० जून, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. यजमानांबद्दल विचारायचंय. वय ४७, काही वर्षांपासून शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. ब्रश करताना रक्त येतं म्हणून त्यांनी त्या बाजूला ब्रश फिरवणंच सोडून दिलं होतं. दुखत काहीच नाही, त्यामुळे डॉक्टरांकडे जायचं नाव नाही. तोंडाला वास येतो म्हणून मीच मागे लागले आणि शेवटी कर्वेनगरमधल्या एका दातांच्या डॉक्टरांकडे गेलो.

त्यांनी खुणा केलेली एक बारीक सळई दात आणि हिरडीच्या मधल्या फटीत घालून प्रत्येक दाताचे आकडे मोजले. पुढे २-३, पण मागच्या दाढांना ५, ६ आणि एका ठिकाणी ७. एक्स-रेमध्ये दाढांच्या मुळांभोवतीचं हाड झिजलेलं दाखवलं. आता भूल देऊन एकेका बाजूची खोल सफाई करायची, मग दीड-दोन महिन्यांनी परत मोजायचं, असं म्हणाल्या.

घरी हे सांगितल्यावर सासूबाईंनी साफ नकार दिला. त्यांचे स्वतःचे दात म्हणे ‘मशीन लावल्यावरच’ हलायला लागले. मोठ्या नणंदेचंही तेच. मीठ-तेल चोळा, लवंग धरा, पण मशीन नको. यजमानांना निमित्त मिळालं.

सफाईने दात खरंच सैल होतात का? आणि मागे सरलेली हिरडी परत जागेवर येते का? अनुभव असलेल्यांनी, आणि इथे कुणी दातांचे डॉक्टर असतील तर त्यांनीही, कृपया लिहा.

खडकवासला_फुल | १० जून, रात्री ९:५२

सासूबाई विरुद्ध एक्स-रे. माझे पैसे सासूबाईंवर.

पण गंमत सोडा, हाड झिजलेलं दिसतंय म्हणजे वेळ घालवू नका.

हिंजवडी_लेन_तीन | १० जून, रात्री १०:१५

सासूबाई पूर्णपणे चूक आहेत असं मी म्हणणार नाही. आमच्या काकांचंही असंच झालं होतं. सफाई करून आले आणि दुसऱ्या दिवसापासून खालचे पुढचे दात बोटाने हलताना जाणवायला लागले. शिवाय दातांमध्ये फटी दिसायला लागल्या, थंड पाणी लागलं की कळ जायची. आधी यातलं काहीच नव्हतं. मग माणूस काय समजणार?

चहा_बिस्किट | १० जून, रात्री १०:३१

+१. माझ्या आईचंही हेच म्हणणं. फटी पडल्या.

दंतवैद्या | १० जून, रात्री ११:२०

मी हिरड्यांच्या आजारांचंच काम करते. तपासल्याशिवाय तुमच्या यजमानांच्या उपचाराबद्दल बोलणार नाही, पण ‘हलायला लागले’ आणि ‘फटी पडल्या’ या दोन गोष्टी रोज ऐकते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दातांवर सतत एक मऊ, चिकट थर जमत असतो. त्यात जिवाणूंची वस्ती असते. तो ब्रशने निघतो. नाही निघाला तर लाळेतले क्षार त्यात बसून काही दिवसांतच तो कडक होऊ लागतो. गिझरच्या कॉइलवर क्षार चढतात तसंच. यालाच आम्ही टार्टर म्हणतो, पेशंट ‘कीट’ किंवा ‘दगड’ म्हणतात. एकदा कडक झाला की घरच्या कुठल्याही ब्रशने, मंजनाने, मिठाने तो निघत नाही. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला तो सगळ्यांत जास्त जमतो, कारण लाळेच्या नळ्या तिथेच उघडतात. आरशासमोर जीभ वर करून खालच्या दातांची आतली बाजू बघा, बऱ्याच जणांना दिसेल.

हा थर हिरडीच्या कडेशी राहिला की शरीर त्याच्याशी लढायला रक्त पाठवतं. हिरडी लाल होते, फुगते, जरा धक्का लागला की रक्त येतं. इथपर्यंत आजार फक्त हिरडीत असतो आणि पूर्ण बरा होतो. १९६५ साली डेन्मार्कमधल्या ऑर्हूस इथे हॅराल्ड लो यांनी याचा प्रयोग केला होता. निरोगी हिरड्यांच्या लोकांना दात घासणं बंद करायला सांगितलं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासणं सुरू केल्यावर साधारण आठवड्याभरात पूर्ववत झाल्या. म्हणून रक्त येतं त्या जागी ब्रश बंद करणं हे नेमकं उलटं औषध आहे. तिथेच मऊ ब्रशने, हलक्या हाताने, जास्त लक्ष देऊन घासायचं.

हे वर्षानुवर्षं चाललं तर काही लोकांत सूज खाली उतरते आणि दाताला धरून ठेवणारं हाड विरघळायला लागतं. जिवाणू ठिणगी टाकतात, पण हाडाचं बरंचसं नुकसान आपल्याच शरीराच्या लढाईत होतं. दात आणि हिरडीमधली फट निरोगी माणसात १ ते ३ मिलिमीटर असते. ४ च्या पुढे गेली की तिथे ब्रश पोहोचत नाही. ५, ६, ७ म्हणजे खोल खिसे. डॉक्टरांनी मोजून, लिहून घेऊन दाखवलं, एक्स-रे काढला, परत मोजू म्हणाल्या. हीच योग्य पद्धत आहे.

आता दात हलण्याबद्दल. हाड आधीच गेलेलं असतं. दगडाचा थर शेजारशेजारच्या दातांना एकत्र बांधून ठेवतो, त्यामुळे ते घट्ट वाटतात. दगड काढला की आधीपासूनचा सैलपणा उघडा पडतो. फटीही तशाच. तिथे दगड भरलेला होता आणि सुजलेली हिरडी होती. सूज उतरली, हिरडी आवळली, की जागा मोकळी दिसते. मुळं थोडी उघडी पडतात म्हणून थंड लागतं, ते बहुतेकांचं काही आठवड्यांत कमी होतं. आणि सूज गेल्यावर बरेचसे हलणारे दात पुन्हा घट्ट होतात, हेही मी रोज पाहते.

मागे सरलेली हिरडी आणि गेलेलं हाड आपोआप परत येत नाही. काही ठिकाणी, विशिष्ट आकाराच्या खड्ड्यांत, शस्त्रक्रियेने थोडं मिळवता येतं. पण आहे ते टिकवणं हेच मुख्य काम, आणि ते नक्की होतं. केतकीवन, यजमानांना घेऊन जा.

कट्टेकरी | १० जून, रात्री ११:३४

वाचनखूण साठवली. जीभ वर करून बघितलं. आता झोप येणार नाही.

आजोबा_प्रभात_रोड | ११ जून, सकाळी ६:१०

डॉक्टरबाईंचा प्रतिसाद उत्तम. तरी जुन्या माणसाचं एक मत मांडतो. आमचे वडील आयुष्यभर राखुंडी आणि बाभळीची काडी वापरत. ब्रश हातात धरला नाही. ऐंशीव्या वर्षी ऊस सोलून खात होते. आज प्रत्येक कोपऱ्यावर दातांचा दवाखाना आहे आणि तरी चाळिशीतली माणसं हिरड्या धरून बसली आहेत. ब्रश आणि पेस्ट आल्यावर दात बिघडले, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

हिंजवडी_लेन_तीन | ११ जून, सकाळी ८:४५

आजोबा, ऐंशीव्या वर्षी ऊस खाणारे लक्षात राहतात. साठीत कवळी बसवलेले किंवा भाकरी दुधात कुस्करून खाणारेही त्याच पिढीत होतेच की. ते कुणी अभिमानाने सांगत नाही.

गणिती | ११ जून, सकाळी ९:०२

हेच लिहायला आलो होतो. शिवाय जगभरातल्या प्रौढांपैकी अंदाजे १९ टक्के लोकांना हिरड्यांचा गंभीर आजार आहे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे शंभर कोटींहून जास्त माणसं. ब्रश वापरणारे आणि न वापरणारे, दोन्ही त्यात आले.

गुडूची | ११ जून, सकाळी ११:३०

मी आयुर्वेदाची पदवीधर. सासूबाईंना पटेल असा एक मुद्दा देते. सुश्रुतांनी दंतमूलाचे, म्हणजे हिरड्यांचे, पंधरा रोग सांगितले आहेत. शीताद म्हणजे अकारण रक्त येणं आणि हिरड्या मऊ पडणं. दंतवेष्टात पू-रक्त येतं आणि दात हलतात. आणि दातांवर जमून घट्ट झालेल्या मळाला दंतशर्करा म्हटलंय. तिचा उपचार काय सांगितलाय? दंतमूलाला इजा न करता ती शर्करा वैद्याने काढावी, मग लाखेचं चूर्ण मधातून चोळावं. ती काढायला दंतशंकू नावाचं शस्त्रही शस्त्रांच्या यादीत आहे. तेव्हा दगड खरवडून काढणं ही काही परदेशातून आलेली मशीनची टूम नाही. आपल्याकडे आधी काढणं आहे आणि मग चोळणं.

तिळाच्या तेलाचा गंडूष, म्हणजे तेल तोंडात भरून धरणं, जरूर करावा, तोंड स्वच्छ वाटतं. पण त्याने सात मिलिमीटरच्या खिशातला दगड निघेल असं कुणी सांगत असेल तर ते शास्त्र नव्हे.

केतकीवन | ११ जून, दुपारी १२:१०

गुडूची, हा प्रतिसाद मोठ्या अक्षरात सासूबाईंना वाचून दाखवते. दंतवैद्या, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. यजमानांनी तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला, बोलले काही नाहीत.

खडकवासला_फुल | ११ जून, दुपारी १२:१८

आपलेच दात, आपलेच ओठ. सासूबाईंना सांभाळून सांगा.

घोडकाठचा | ११ जून, दुपारी ३:२५

अवांतर आहे, पण राहवत नाही. आजोबा म्हणतात की पूर्वी दात चांगले होते. पूर्वी म्हणजे किती पूर्वी? आपल्या पुणे जिल्ह्यातच शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून तिथे उत्खनन केलं आणि ताम्रपाषाणयुगातली वस्ती सापडली, तीन हजार वर्षांहून जुनी. घरांच्या जमिनीखाली पुरलेली माणसं मिळाली, आणि त्यांच्या हाडांचा-दातांचा सविस्तर अभ्यास झाला आहे. पुराणमानवशास्त्रातल्या लोकांना दात फार प्रिय, कारण शरीरात तेच सगळ्यांत जास्त टिकतात.

आणि गंमत म्हणजे दातांवरचा हा दगडही टिकतो. जगभरातल्या जुन्या कवट्यांवर तो चिकटलेला मिळतो. त्यात त्या माणसाने खाल्लेल्या धान्याचे स्टार्चचे कण अडकलेले असतात आणि त्याच्या तोंडातल्या जिवाणूंचा डीएनएसुद्धा मिळतो. हिरड्यांच्या आजाराशी जोडलेले जिवाणू हजारो वर्षांपूर्वीच्या दगडातही सापडले आहेत. तेव्हा पेस्टच्या आधी सगळ्यांच्या हिरड्या निकोप होत्या, हे काही खरं नाही.

कट्टेकरी | ११ जून, दुपारी ३:४०

म्हणजे तीन हजार वर्षांनी कुणीतरी माझ्या दगडावरून सांगणार की हा इसम मिसळ खात असे.

घोडकाठचा | ११ जून, दुपारी ३:५५

पावाचे स्टार्चकण मिळतील. तर्रीचं सांगता येत नाही.

आजोबा_प्रभात_रोड | ११ जून, सायंकाळी ५:३०

इनामगावची माहिती नवीन आहे, धन्यवाद. तरीही काडीत काही गुण असेल ना?

दंतवैद्या | ११ जून, रात्री ९:१५

नक्कीच आहे, आजोबा. काडी चावून तिचा कुंचला होतो आणि तो दाताला घासला जातो. स्वच्छता घासण्यातून येते. तुमचे वडील बराच वेळ, शांतपणे, एकेक दात घासत असणार, आणि आज लोक अर्ध्या मिनिटात ब्रश उरकतात. त्या बाबतीत तुमच्या तक्रारीशी मी पूर्ण सहमत आहे. अडचण राखुंडीच्या, विटकरीच्या, कोळशाच्या भुकटीची. ती खरखरीत असते, दाताच्या मानेशी खाचा पडतात, हिरडी सरकते. काडी मागच्या दाढांच्या आतल्या बाजूला आणि दोन दातांच्या मधल्या फटीतही नीट पोहोचत नाही, आणि आजार बहुधा तिथेच सुरू होतो.

वेल्हेकरीण | ११ जून, रात्री १०:०५

मंजनाचा विषय निघाला म्हणून मशेरीबद्दल लिहिते. मी वेल्हे-भोर भागात आरोग्याचं काम केलं आहे. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, डब्यात भरायची, सकाळी उठून बोटाने दातांना लावायची. लावणाऱ्या बायकांना हे व्यसन वाटतच नाही, दात घासणं वाटतं. मुलगी आठ-दहा वर्षांची असताना दाढ दुखली म्हणून आजी लावायला देते, आणि मग दिवसातून चार-पाच वेळा लावल्याशिवाय काम सुचत नाही. भाताच्या लावणीला जाताना कनवटीला डबी असतेच.

१९९२ पासून टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी आहे. पण घरच्या तव्यावर कोण बंदी घालणार? ज्या जागी मशेरी धरतात तिथली हिरडी सरकते, दाताचं मूळ उघडं पडतं. गालाच्या आत पांढरा चट्टा दिसायला लागला तर तो कॅन्सरच्या आधीची पायरी असू शकतो. बायका दाखवायला येतात दात हलतो म्हणून, आणि आत बघावं तर चट्टा. पुण्यातल्या घरांत कामाला येणाऱ्या कितीतरी बायका मशेरी लावतात. तुमच्याकडे येणाऱ्या ताईंना एकदा आपुलकीने विचारा. रागावू नका, रागावलं की त्या लपवतात. सोडायची इच्छा असेल तर १८००-११२-३५६ ही तंबाखू सोडवण्यासाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन मोफत आहे.

चहा_बिस्किट | ११ जून, रात्री १०:२२

हे माहीतच नव्हतं. आमच्या मावशींना विचारते उद्या.

डोंगरवाट | ११ जून, रात्री १०:५०

सिगरेट ओढणाऱ्यांचं काय? माझ्या भावाचं म्हणणं असं की तो इतकी वर्षं ओढतो, पण हिरडीतून थेंबभर रक्त येत नाही, म्हणजे हिरड्या ठणठणीत.

दंतवैद्या | ११ जून, रात्री ११:१०

उलट त्याचीच काळजी वाटते. निकोटिनने हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात, त्यामुळे सूज आणि रक्त दिसत नाही, पण आत हाड झिजणं चालूच राहतं. धूम्रपान करणाऱ्यांना हा आजार जास्त होतो, जास्त वेगाने वाढतो आणि उपचारांना कमी दाद देतो. सोडल्यावर काही आठवड्यांत कधीकधी रक्त येऊ लागतं. लोक घाबरून म्हणतात की सिगरेट सोडली आणि हिरड्या बिघडल्या. ते हिरडीचं रक्ताभिसरण सुधारल्याचं लक्षण असतं. भावाला एकदा खिसे मोजून घ्यायला सांगा.

गणिती | १२ जून, सकाळी ७:५०

केतकीवन, शुगरचा मुद्दा मागे पडला. तो महत्त्वाचा आहे. साखर वाढलेली असेल तर हिरड्यांचा आजार बळावतो हे माहीत असतं, पण उलटंही खरं आहे. हिरड्यांत सतत सूज असली की साखर आटोक्यात आणणं अवघड जातं. हिरड्यांवर नीट उपचार केल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज देणारी रक्ततपासणी) सरासरी ०.४ टक्क्यांच्या आसपास खाली येतं, असं अनेक अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर दिसलं आहे. माझे वडील मधुमेही आहेत, म्हणून हे सगळं वाचून काढलं होतं. गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांनाही या उपचाराबद्दल सांगा आणि आत्ताचं एचबीए१सी करून ठेवा, म्हणजे नंतर तुलना करता येईल.

केतकीवन | १२ जून, सकाळी ९:३०

हे कुणीच सांगितलं नव्हतं. शुगरच्या डॉक्टरांनी पाय बघितले, डोळे तपासायला सांगितले, तोंड उघडायला कधी सांगितलं नाही. यजमानांना हिरड्यांपेक्षा हा आकडा जास्त पटला.

जुईचा_मांडव | १२ जून, दुपारी २:१५

मला पाचवा महिना आहे. गेल्या काही आठवड्यांत हिरड्या इतक्या सुजल्यात की सफरचंद चावलं तरी रक्त लागतं, आणि दोन दातांच्या मध्ये लाल गाठीसारखं काहीतरी आलंय. आई म्हणते बाळंत होईपर्यंत दातांना हात लावायचा नाही. खरं का?

दंतवैद्या | १२ जून, रात्री ९:४०

जुईचा_मांडव, गरोदरपणात संप्रेरकं बदलतात म्हणून हिरड्या थोड्या थरालाही फार जोरात प्रतिसाद देतात. ती लाल गाठही या काळात येते, बहुतेकदा साधी असते आणि बाळंतपणानंतर ओसरते, पण प्रत्यक्ष दाखवून घ्याच. सफाई गरोदरपणात करता येते. चौथा ते सहावा महिना त्यासाठी सगळ्यांत सोयीचा, म्हणजे तुमची वेळ आत्ताच आहे. तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना कळवा आणि दातांच्या डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की पाचवा महिना आहे. आईला सांगा, हिरड्या सुजलेल्या ठेवण्यात बाळाचा काही फायदा नाही.

इतरांसाठीही लिहिते. हिरडीतून रक्त येण्याचं कारण दर वेळी दगडच असतं असं नाही. फिट्सची फेनिटॉइन, रक्तदाबाची अॅम्लोडिपिनसारखी काही औषधं यांनी हिरडी जाड होऊन दातांवर चढते. औषध स्वतःहून बंद करायचं नाही, डॉक्टरांना विचारायचं. आणि आता पावसाळा तोंडावर आहे. ताप, अंगावर लाल ठिपके आणि अचानक हिरड्यांतून रक्त असं एकत्र दिसलं तर दातांच्या डॉक्टरकडे न जाता आधी फिजिशियनकडे जा आणि प्लेटलेट बघा. डेंग्यू असू शकतो.

बिबवेवाडीचा_बाजीराव | १२ जून, रात्री १०:०५

सगळं मान्य. पण खर्चाचं बोला की. खोल सफाईचा आकडा ऐकूनच माझे दात हलायला लागले. दात आहेत तर चणे नाहीत, आणि इथे तर दोन्ही जायची वेळ.

वेल्हेकरीण | १२ जून, रात्री १०:२०

डेंटल कॉलेजच्या ओपीडीत जा. आपल्याकडे धनकवडीला भारती विद्यापीठ, कॅम्पात आझम कॅम्पसमध्ये रंगूनवाला, पिंपरीला डी. वाय. पाटील अशी कॉलेजं आहेत. हिरड्यांचा वेगळा विभाग असतो. शिकणारी मुलं शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात, खर्च खासगी दवाखान्यापेक्षा बराच कमी येतो. वेळ मात्र जास्त हातात ठेवा, कारण प्रत्येक टप्पा सरांना दाखवून पुढे जातात. मी गावाकडच्या बायकांना तिथेच घेऊन जायचे. मुलं मोजतात फार काळजीपूर्वक.

हिंजवडी_लेन_तीन | १२ जून, रात्री १०:४५

ब्रश कुठला घ्यायचा यावर एकमत करा. आमच्या घरात दोन तट आहेत. बाबा ‘हार्ड’शिवाय घेत नाहीत, त्यांना दात घासल्यासारखंच वाटत नाही. मी मऊ वापरतो. आणि फ्लॉस की त्या बारीक बाटलीच्या ब्रशसारख्या काड्या?

चाफेकळी | १२ जून, रात्री ११:००

आणि आमच्या काकूंकडे एकच साधन, बांगडीतली सेफ्टी पिन. जेवण झालं की पिन बाहेर.

दंतवैद्या | १३ जून, रात्री ८:३०

चाफेकळी, काकूंची पिन काढून घ्या. तिने हिरडीला जखम होते आणि फट वाढते. सारखं एकाच जागी अन्न अडकत असेल तर तिथे कीड, तुटलेलं फिलिंग किंवा खिसा असतो, तो दाखवायला हवा.

ब्रश मऊच. कडक ब्रशने थर जास्त निघतो असं नाही, हिरडी आणि दाताची मान मात्र झिजते. ब्रश दात आणि हिरडी जिथे भेटतात त्या कडेवर तिरका ठेवायचा, ४५ अंशांत, अर्धे केस हिरडीच्या कडेला टेकलेले. जागच्या जागी बारीक थरथर, मग दाताच्या टोकाकडे झटकायचा. दोन-दोन दात घेत पुढे सरकायचं. बाहेरून, आतून. दोन मिनिटं लागतातच. रात्रीचा ब्रश चुकवायचा नाही, झोपेत लाळ कमी होते. केस पसरले की ब्रश बदला, नाहीतर तीन-चार महिन्यांनी.

दात एकमेकांना चिकटून असतील तर फ्लॉस. फटी उघड्या असतील, आणि हाड गेलेल्यांना असतातच, तर त्या बारीक काड्यांचे ब्रश जास्त चांगलं काम करतात. त्यांना मापं असतात. किंचित घट्ट जाईल असं माप घ्यायचं, जोर लावून घुसवायचं नाही. एकाच तोंडात दोन मापं लागू शकतात. डॉक्टरांकडून एकदा खुर्चीवर बसूनच शिकून घ्या.

चहा_बिस्किट | १३ जून, रात्री ८:५५

माउथवॉशने भागत नाही का? एका दुकानदाराने क्लोरहेक्सिडिनचं दिलं होतं, आईने दोन-तीन महिने वापरलं. दात तपकिरी पडलेत.

दंतवैद्या | १३ जून, रात्री ९:१०

ते औषध चांगलं आहे, पण सफाईनंतर किंवा शस्त्रक्रियेनंतर थोड्या दिवसांसाठी, बहुतेकदा दोन आठवडे. जास्त दिवस वापरलं की दात आणि जीभ तपकिरी होते, चवही बिघडते. आईचे डाग पॉलिशने निघतील, घाबरू नका. खिशाच्या तळाशी गुळणी पोहोचत नाही, दगडावर तर तिचा काही परिणाम नाही.

केतकीवन | १९ जून, रात्री ९:२०

उजव्या बाजूची सफाई झाली. भूल दिल्यामुळे करताना दुखलं नाही, नंतर दोन दिवस ठणक होती. अपेक्षेप्रमाणे थंड लागतंय. डॉक्टरांनी काढलेले तुकडे दाखवले, हिरडीच्या खालचे तर काळे होते. सासूबाई अजून नाराज आहेत, पण गुडूचींचा प्रतिसाद ऐकल्यावर ‘मशीन’ हा शब्द निघाला नाही. पुढच्या आठवड्यात डावी बाजू. सगळ्यांचे मनापासून आभार. यानंतर किती दिवसांनी जायचं?

दंतवैद्या | १९ जून, रात्री १०:३०

छान वाटलं वाचून. दीड-दोन महिन्यांनी परत मोजणी होईल. बरेच खिसे तोवर उथळ झालेले असतील. जे ५-६ वरच राहतील आणि रक्त देतील तिथे पुन्हा सफाई किंवा हिरडी उघडून साफ करण्याची छोटी शस्त्रक्रिया सुचवली जाऊ शकते. त्यानंतर सुरुवातीला दर तीन-चार महिन्यांनी देखभाल. ही देखभाल सोडली की आजार परततो, त्यामुळे पुढची तारीख दवाखान्यातून निघतानाच घेऊन ठेवा. थंड लागण्यासाठी संवेदनशील दातांची पेस्ट बोटाने त्या जागी लावून ठेवू देत.

डोंगरवाट | २० जून, सकाळी ८:१५

भाऊ मोजून आला. दोन दाढांना ६. रक्त थेंबभर नाही. सिगरेटबद्दल बोलणं सुरू झालंय घरात, ते वेगळं.

आजोबा_प्रभात_रोड | २० जून, सकाळी ९:००

माझंही विचारतो. हृदयाच्या झटक्यानंतर रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे. सफाईला जायचं तर गोळी किती दिवस आधी बंद करावी?

दंतवैद्या | २० जून, दुपारी १:४०

आजोबा, स्वतःहून एक दिवसही बंद करू नका. बहुतेक वेळा गोळी चालू ठेवूनच सफाई करतात. रक्त थोडं जास्त वेळ येतं, पण ते दाबून थांबवता येतं. गोळी थांबवल्याने हृदयाला होणारा धोका त्याहून कितीतरी मोठा आहे. कोणती गोळी, किती मिलिग्रॅम, झटका कधी आला, स्टेंट आहे का, हे एका कागदावर लिहून न्या आणि हृदयाच्या डॉक्टरांचा फोन नंबरही त्यावर टाका. वॉरफेरिनसारखी गोळी असेल तर आधी आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी, सांगतील. वेळ सकाळची मागा, म्हणजे नंतर रक्त आलंच तर दवाखाना उघडा असतो.